प्रभूसाठी भरून ठेवलेला रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. मिरजगावच्या रस्त्याला आमची ख्रिस्ती वस्ती लागते. तिथल्या छोट्या देवळाच्या पडवीत, कमरेपर्यंत वाळूत रुतून मी बसलेलो असतो. जवळ आलात तर माझ्या गळ्याभोवती एक काळपट वण दिसेल. तो कशाचा, हे सांगायला मला आवडत नाही. तरी आज सांगणार आहे.

कुंभाराने माझ्या मातीत घोड्याची लीद आणि राख मिसळली आणि तिसऱ्या भट्टीत मला भाजले. आधीच्या दोन भट्ट्यांतले माझे भाऊ तडकले होते, त्यामुळे मी जन्मापासूनच जरा ताठ्यात होतो. बाजारात मला छबूबाईने निवडले. ती एकटी राहणारी विधवा. देवळाची झाडलोट तीच करायची. तिने माझ्या पोटावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाली, "ह्योच बरा हाय. परभूला पानी गार लागंल."

महिन्यातून एकदा पाळकसाहेब सायकलवरून येत. प्रभू पुन्हा येणार आहे, कोणत्या घडीला ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून तयार राहा, असे ते सांगत. सगळे माना डोलवत आणि घरी जाऊन भाकरी खात. छबूबाईने मात्र ते मनावर घेतले. प्रभू येणार तो चालत येणार, धुळीने माखून येणार, आणि आल्या आल्या पाणी मागणार, असे तिने ठरवून टाकले होते.

पडवीत उपासनेला येणाऱ्यांसाठी एक माठ होता. मी मात्र फक्त प्रभूचा. रोज सकाळी ती माझ्यातले शिळे पाणी लिंबाला घालायची, मला घासायची, ताजे पाणी भरायची आणि पदराने कपाळ पुसत रस्त्याकडे बघायची. मग म्हणायची, "आज न्हाई तर उद्या." त्या माठाला दिवसभर लोकांचे हात लागत. मला कोणी शिवत नसे. याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

मग बहात्तर साल आले. आधीचे वर्ष कोरडे गेले होते, हे त्याहून कोरडे. विहिरींचे तळ दिसू लागले. माठ रिकामा पडला आणि एक दिवस कोणीतरी तो उपडा करून ठेवला. सगळा गाव दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला जाऊ लागला. काल ज्यांच्या शेतावर लोक राबत होते, तेही आज त्याच ढिगावर हातोडा घेऊन बसले. छबूबाई पहाटे नदीच्या पात्रात झिरा उकरून वाटीवाटीने पाणी गोळा करायची. स्वतः घोटभर प्यायची आणि उरलेले माझ्यात ओतायची. आता ती मला रिकामा करत नसे. लाकडी झाकण ठेवून त्यावरून माझ्या गळ्याला काथ्याची दोरी आवळून बांधायची. वस्तीतले लोक कुरकुरले, पण प्रभूच्या पाण्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

चैत्र संपत आला होता. पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता. भर दुपारी सहादेव धावत आला. गावातला हा जुना बागाईतदार. त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता. तो पायरीच्या खालीच थांबला.

"छबूबाई, घोटभर पानी द्या. बनू खडीवर चक्कर येऊन पडली हाय. डोळं उघडंना."

बनुबाई म्हणजे त्याची बायको. छबूबाई झाडू घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ते पानी परभूचं हाय. त्यो यायच्या आधी कुनाला देता येत न्हाई."

"अवं, जीव चाललाय तिचा!"

तेव्हा छबूबाईचा आवाज बदलला. "माझी आई तुमच्या हिरीवर घागर घिऊन हुभी ऱ्हायाची. कुनी वरनं वतंल म्हनून दिसभर वाट बघायची. तवा तुमच्या बाला कुनाचा जीव दिसला न्हाई."

  ते खरेच होते. सहादेव रिकामा डबा घेऊन वळला.

मित्रांनो, मला त्या क्षणी बरे वाटले. माझे पाणी वाचले म्हणून, आणि तिच्या आईसाठीही. मी हे लपवणार नाही.

छबूबाई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग एकदम तिने झाडू टाकला आणि माझ्याकडे धावली. पण गाठ सुटेना. काथ्या भिजून घट्ट बसला होता. तिने नखे लावली, दात लावले, शेवटी दगडाने दोरी ठेचली. तेव्हा माझ्या गळ्याला हा वण पडला. तांब्या भरून ती अनवाणी पळत सुटली. माझ्यात पाणी काठोकाठ होते आणि मी जागचा हलू शकत नव्हतो.

ती पोहोचली तेव्हा बनुबाई गेली होती. सहादेवाने तांब्या घेतला आणि त्यातले पाणी बनुबाईच्या ओठांना लावले. हे मी दुसऱ्या दिवशी बायकांच्या बोलण्यातून ऐकले.

तिसऱ्या दिवशी सहादेव तांब्या परत द्यायला आला. राखेने लख्ख घासला होता. पायरीवर ठेवून तो म्हणाला, "पानी लई गार हुतं." त्यात राग नव्हता. राग असता तर छबूबाईला सोसला असता.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब आले. उपासना झाल्यावर ती पडवीतच बसून राहिली.

"साहेब, त्यो येऊन गेला," ती म्हणाली.

"कोण?"

"ज्याच्यासाठी पानी ठिवलं हुतं त्यो. म्या त्याला वळखला न्हाई. माघारी धाडला."

साहेबांना सगळे कळले होते. ते तिच्या शेजारी खाली बसले. म्हणाले, "छबूबाई, प्रभू क्षमा करतो."

"क्षमा तर करलंच की वो. पन ती तहान आता कुठनं आनू?"

 साहेब उठले आणि सायकल हातात धरून चालतच गेले.

पुढल्या वर्षी पाऊस झाला. विहिरी भरल्या. माझ्यावर आता नुसते झाकण असते, धूळ पडू नये म्हणून. वाटसरू, शाळेची पोरे, बैल सोडून बसलेले गाडीवान, सगळे माझ्यातले पाणी पितात. लोक छबूबाईला दुवा देतात. ती ऐकते आणि पाणी काढायचे ओगराळे धुऊन जागेवर ठेवते. सहादेव कधी या रस्त्याने गेला तर पाणी न पिताच जातो.

मित्रांनो, तुमच्या घरीही असा एखादा रांजण असेल. त्याला घासा, भरा, झाकून ठेवा. पण त्याच्या गळ्याला दोरी बांधू नका. कोणी पाणी मागेल तेव्हा गाठ सोडायला वेळ मिळतोच असे नाही.

छबूबाई अजून रोज सकाळी येते. मला घासते, काठोकाठ भरते, पदराने कपाळ पुसते. रस्त्याकडे मात्र ती आता बघत नाही.