कुलूपबंद फळ्यावरची शिडी

मित्रांनो, मला हात लावून पाहू नका, हाताला लागणार नाही. मी फळा आहे खरा, पण मला लाकूड नाही, खिळा नाही, टांगायला भिंतसुद्धा नाही. मी इंटरनेटवरचा सामायिक फळा. चाळीस जण चाळीस संगणकांवरून माझ्यावर एकाच वेळी लिहू शकतात. निदान माझ्या माहितीपत्रकात तरी तसं म्हटलं आहे.

२००८ साली चेन्नईबाहेर, गुम्मिडिपूंडीच्या वाटेवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात श्रीविद्या मॅडमनी मला वर्गात आणलं. मॅडम तंजावरच्या मराठी घरातल्या. संगणकांच्या मायक्रोफोनमधून मला सगळा तास ऐकू यायचा. त्यात नगरहून आलेल्या सावनीचा आवाज कधीच नसे. तमीळ तिला येत नव्हतं आणि इंग्रजी घशात अडकायचं.

"काय गे, तोंडात कोळकट्टै धरलीस काय?" मॅडम विचारायच्या. कोळकट्टै म्हणजे आपला उकडीचा मोदक. तेवढा एक तमीळ शब्द कळून वर्ग हसायचा.

माझ्यावर मात्र सावनी हिरव्या पेनाने लिहायची. नाव कुणाचंच दिसत नसे, नुसता रंग. हिरवा चुकला की लाल खोडायचा, निळा लालशी भांडायचा आणि तास संपेपर्यंत उत्तर बरोबर यायचं. सगळ्यांत बडबडा रंग हिरवा. ते माझे सुखाचे दिवस. सहा आठवडे होते.

मग तपासणी समिती येणार असं कळलं आणि विभागप्रमुख सुधींद्र सरांनी मला प्रथमच पाहिलं.

"श्रीविद्या, हा फळा की मासळीबाजार?"

"मुलं विचार करतायत, सर."

"समितीपुढे नको. फेअर काढा."

मॅडमनी काढलं नाही, म्हणून सरांनीच काढलं. भिंतीला टेकवलेली शिडी आणि तिच्यावर लागणारी बलं दाखवणारे बाण. रेषा सुतासारख्या. मग मला कुलूप लावलं : फक्त पाहा, लिहू नका. समिती म्हणाली, "इतका स्वच्छ फळा आम्ही पाहिला नव्हता." बरोबर आहे. न वापरलेल्या वस्तू स्वच्छच असतात.

फक्त एक बाण चुकला होता. भिंत शिडीला बाहेर ढकलते. सरांची भिंत तिला जवळ ओढत होती.

पुढच्या तासाला सर स्वतः मला दाखवायला वर्गात आले. सावनीने हिरवा पेन उचलला. मला तो घेता येईना. तिने तीनदा प्रयत्न केला. मग खुर्ची सरकली.

"सर... भिंतीचा बाण उलटा आहे."

घाबरून ती मराठीतच बोलली. वर्गाला कळलं नाही. सरही मॅडमसारखे मराठी घरातले, त्यांना कळलं.

"पोर बरोबर म्हणते, सर," मॅडम म्हणाल्या.

"आता बदलून समितीला काय कळवू? त्यांच्याही नजरेतून चूक सुटली म्हणून? बस ग तू."

खुर्ची पुन्हा सरकली. सावनीचा आवाज मी त्यानंतर ऐकला नाही. मॅडम एकदा सांगत होत्या, परीक्षेत तिने बाण सरांसारखाच काढला आणि तिला पूर्ण गुण मिळाले.

कुलूप तसंच राहिलं. यंदाची नवी मुलं येतात, शिडी वहीत उतरवतात, बाणासकट, आणि जातात. माझ्याशी कुणी भांडत नाही.

मित्रांनो, तुमच्या कॉलेजात माझा एखादा भाऊबंद असेल, तर कृपा करून त्याला इतका जपू नका. त्याच्यावर खुशाल चुका. आणि कुणी चूक खोडायला उठलं, तर त्याला पेन द्या.