पाठीमागून दिसणारी चित्रे

“बाई, बाई, पुस्तक फिरवा,
हत्ती काळा की हिरवा?”

मुलांचा तो गलका अजून माझ्या वेतात घुमतो. मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. वाचनालयातली, गोष्टींच्या तासाची. सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले, वेतवाल्याने बैठक विणली आणि पहिल्याच दिवशी बाई माझ्यावर बसल्या. मध्यंतरी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मला माळ्यावर टाकायचे ठरले. बाई म्हणाल्या, “तिला टाकताय तर मलाही टाका वर.” विषय संपला!

बाईंचा आवाज असा, की त्या ‘वाघ’ म्हणाल्या की पोरे पाय वर घेत. पण पुस्तक त्या स्वतःकडे तोंड करून धरत. आधी पुस्तकाचे नाव, मग लेखकाचे, मग गोष्ट. चित्रे कोणाची, हे त्यांच्या ओठांवर कधी आले नाही. “गोष्ट कानांनी ऐकायची असते. चित्र दाखवलं की कान मिटतात तुमचे.”

त्यांची लेक मात्र हुशार. माझ्या मागच्या दांडीवर चढायची, आईच्या खांद्यावर हनुवटी टेकायची आणि सगळी चित्रे बघून घ्यायची. पुढे ती पुस्तकांसाठी चित्रे काढू लागली. त्यात माझाही वाटा आहे, हे मी छाती नसताना छातीठोकपणे सांगते.

तिची पुस्तके वाचनालयात आली. बाईंनी तीही वाचली, तशीच, स्वतःकडे तोंड करून. चित्रांबद्दल चांगला नाही, वाईट नाही, चकार शब्द नाही. लेक दारात उभी राहून ऐकायची आणि मुकाट चपला घालून निघायची. तिला आईचा एक शब्द हवा होता.

मग ती आजच्या चित्रकारांची पुस्तके आणून खिडकीत उघडी मांडू लागली. एकाने रद्दी कात्रीने कापून अख्खे जंगल उभे केले होते. एकीने नुसत्या कोळशाने धुके काढले होते. एकजण संगणकावर काढी, पण रेघ कशी, तर मांजराच्या मिशीसारखी थरथरती. मुले पानांना नाक लावून बघत. हळूहळू मुले चित्रावरून चित्रकाराचा हात ओळखू लागली.

“ए, हा आपला कात्रीवाला दादा!”

“हट्! कात्रीवाल्याची झाडं एवढी शहाणी नसतात.”

बाई ऐकत आणि उगाच चष्मा पुसत.

एके दिवशी लेकीने आपले नवे पुस्तक आईच्या हाती दिले. “आई, आज हे वाच ना.”

बाईंनी लेखकाचे नाव शोधले. तिथे एकट्या लेकीचे होते. ते त्यांनी मोठ्याने घेतले, पहिल्यांदाच. पान उलटले. आणखी एक उलटले. त्यांची चुळबुळ माझ्या वेताला कळली.

“अगं, छापायचं राहिलं की काय? अक्षरंच नाहीत!”

“नाहीतच. गोष्ट चित्रांत आहे.”

“मग मी वाचू काय, कपाळ?”

मुले खदाखदा हसली. बाई उठल्या, पुस्तक मुलांकडे तोंड करून माझ्यावर उभे केले आणि स्वतः मुलांत मांडी घालून बसल्या. एक शेळी आपली हरवलेली सावली शोधत होती.

“ती बघा सावली, बाई!”

“कुठे? मला नाही दिसत.”

“नीट बघा ना! बादलीच्या मागे लपलीय!”

बाईंना दिसली, आणि त्या मुलांपेक्षा मोठ्याने हसल्या.

मित्रांनो, पुस्तक मिटण्याआधी चित्रे कोणाची आहेत ते शोधा. ते नाव मोठ्याने घ्या. आवडले तर सांगून टाका. मनात ठेवलेली शाबासकी कोणाच्याच कामी येत नाही.

मुले गेल्यावर बाई पुस्तक मांडीवर घेऊन माझ्यावर बसून राहिल्या. लेक चपला घालत होती.

“थांब गं जरा. तुझी पुस्तकं वाचताना मी चित्रांवर तळहात ठेवायचे. भीती वाटायची. आवडली नसती, तर तुझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं.” त्यांनी शेळीवरून बोट फिरवले. “ती वेळच आली नसती बघ. फार सुंदर काढतेस तू.”