धनेंद्रच्या डोळ्यांसाठी प्रार्थना

सौंदडला धनेंद्रचं मोबाईलचं दुकान होतं. २०११ साल. लोक मेमरी कार्ड घेऊन येत, धनेंद्र त्यात गाणी, पिक्चर भरून देई. कुणी हळूच 'दुसरं काही' मागितलं तर तेही भरी. भरता भरता स्वतःच बघू लागला आणि अडकला. सकाळी शपथ घेऊन सगळं पुसून टाकी, दुपारी पुन्हा भरी.

मेव्हण्याच्या हळदीत धनेंद्रचा फोन स्पीकरला जोडला आणि गाण्याऐवजी भलतंच सुरू झालं. बायांनी तोंडावर पदर घेतले. सासरे जियालाल वायर उपटायला धावले आणि पाय अडकून हळदीच्या परातीत बसले. त्या दिवसापासून बायको रविता त्याच्याशी मिठामिरचीपुरतंच बोले.

लाजेनं मेलेला धनेंद्र रविवारी पास्टर केवळरामच्या अंगणात जाऊन बसला. तिथं येशूची प्रार्थना भरे. केवळरामची स्वतःची दारू त्या प्रार्थनेनंच सुटली होती.

"कायच्यासाठी प्रार्थना करू, भाऊ?"

"माझ्या डोळ्यांसाठी. लय खराब झाले."

"मोतीबिंदू असंल!" म्हातारी गीताबाई म्हणाली. तिनं त्याच्या डोळ्यांवर हात ठेवून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरसकट सगळ्यांसाठी प्रार्थना केली. पुढच्या रविवारी थेंबांची बाटली आणली आणि त्याचं डोकं मांडीवर दाबून थेंब सोडले.

धनेंद्र ताडकन उठला. "मोतीबिंदू नाई, गीताबाई! नजर खराब आहे. मोबाईलात घाणेरडे पिक्चर पाह्यतो मी. सुटून नाई राहिला!"

"मंग आधी काऊन नाई सांगतलास?" गीताबाईनं झाकण लावलं. "फुकट थेंब गेले माये."

सगळे हसले. धनेंद्रही हसला, आणि हसता हसता रडायला लागला. केवळराम जवळ बसला. "येशूले सारा माहीत आहे, तरी तो तुले हाकलत नाई. आता लपवू नको. मन ओढला का मले फोन लाव. दोघं मिळून मागू."

धनेंद्र खरंच फोन लावी. एकदा केवळराम भाताच्या बांधीत, घोटाभर चिखलात उभा होता. "पास्टर, ओढून राहिला!" केवळराम तिथूनच ओरडला, "प्रभू, याले सोडव!" रोवणा करणाऱ्या बाया वाकल्या वाकल्या "आमेन" म्हणाल्या. कोणासाठी, ते त्यांनी विचारलंही नाही.

दुकानात तसली कार्डं भरणं त्यानं बंद केलं. काही गिऱ्हाइकं तुटली. पोळ्याच्या सुमारास मात्र तो पुन्हा घसरला. त्याच दुपारी घरी येऊन त्यानं रविताला सांगितलं.

तिनं वरणाची पळी आपटली. "मी त पकडला नव्हता. मंग कायले सांगून राहिले?"

"लपवलो त पुन्हा अडकतो."

तिनं पळी उचलून बाजूला ठेवली. "पास्टरले लावला का फोन?"

"आधी तुले सांगतलो."

"लावा मंग. मी बी आयकीन."

ओढ एकदम गेली नाही. पण महिन्यामहिन्यानं फोन विरळ झाले, आणि धनेंद्र बायकोशी बोलताना तिच्याकडे बघू लागला. नाताळाला रविताही अंगणात आली. तिला गाणी येत नव्हती. टाळ्या मात्र तिच्याच सगळ्यांत जोरात होत्या.