डोणगावचा माणूस

तो म्हातारा गावात आला तेव्हा ज्वारीची खळी चालू होती. हातात छत्री, पायात टाचा झिजलेल्या वहाणा. आधी विहिरीवर बसला, मग पिठाच्या गिरणीपाशी, मग मारुतीच्या पारावर. कुणाकडे काम नाही, काही विकायला नाही. जिथे बसेल तिथे बोलत होता.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. माझा थोरला भाऊ उत्तमराव, त्याच्या मुलीची, सिंधूची सोयरीक डोणगावच्या इंद्रभानजींच्या घरी चालली होती. मुलगी पाहून ते 'कळवतो' म्हणून गेले होते. कळवतो म्हटल्यावर काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. मुलीच्या गावात अनोळखी माणूस पाठवायचा. त्याने मुलीचं नाव काढायचं नाही. चार ठिकाणी बसून गप्पा मारायच्या आणि घराची माहिती काढून न्यायची. आमच्याकडून मीही तसाच डोणगावात हिंडून आलो होतो.

आणि आमच्याकडे लपवण्यासारखं एक होतं. सिंधूची आधीची एक सोयरीक सुपारी फुटल्यावर मोडली होती. मोडली मुलाकडच्यांनी, मानपानावरून. पण मोडली म्हटलं की लोक मुलीकडेच पाहतात. इंद्रभानजींना आम्ही हे सांगितलं नव्हतं.

"डोणगावचाच हाये बे हा," उत्तमराव खळ्यावर मला म्हणाला. "पाह्य ना, कसा काहीच इचारत नाई."

शाळेचे मास्तर गाईसाठी कडबा न्यायला आले होते. ते हसले. "उत्तमराव, इंग्रजीत एक शब्द आहे, रॅम्बल. उगाच हिंडणं म्हणजे रॅम्बल, आणि ताळमेळ सोडून बोलत राहणं तेही रॅम्बलच. या म्हाताऱ्याला दोन्ही अर्थ लागू आहेत."

"उगाच कोनी हिंडत नाई, गुर्जी. इंग्रज तरी उगाच हिंडत आले होते का इकडे?"

मास्तर कडबा घेऊन गेले. तेवढ्यात म्हातारा पारावरून उठला आणि थेट अर्जुनरावाच्या ओट्यावर जाऊन टेकला. अर्जुनराव आमचा चुलतभाऊ. बांधावरून त्याचं आमचं बोलणं बंद होतं. उत्तमरावाचा चेहरा उतरला. "जाय, तिथं जाऊन बस. तो काही बोलला का मधात बोल."

मी गेलो. अर्जुनरावाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काऊन हो, रस्ता चुकले का?"

"सहज आलो."

"वर्षभरानं सहज!"

म्हातारा सांगत होता की त्याचा एक बैल नदी ओलांडताना अडून बसायचा. मग नदीवरून बोरांवर आला, बोरांवरून साडूच्या दम्यावर. मी बारीक लक्ष ठेवून होतो. एका शब्दाने त्याने आमच्या घराचं काही विचारलं नाही. मुरलेला माणूस असणार, असं मला वाटलं.

दुपारी उत्तमरावाने त्याला आग्रहाने घरी जेवायला आणलं. म्हाताऱ्याने नाव भगवंतराव सांगितलं, गाव संग्रामपूरकडचं. उत्तमरावाने माझ्याकडे पाहून डोळा बारीक केला. वहिनींनी पुरण घातलं होतं. म्हातारा जेवता जेवता पुरणावरून गुळावर, गुळावरून मुंगळ्यांवर बोलत गेला. शेवटी उत्तमरावाचा धीर सुटला.

"पाव्हणे, आता पुरे करा. अर्जुनरावानं तुमाले सांगतलंच असन. पयली सोयरीक मोडली, हे खरं हाये. पन पोरीचा दोष नाई. डोणगावले तसंच सांगा."

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. "कोनाची सोयरीक?"

उत्तमराव माझ्याकडे पाहू लागला.

"मी त असाच हिंडतो, भाऊ. बायको गेली, तवापासून घरात बसवत नाई. डोणगाव म्हन्ता? तिकडं कधी गेलो नाई. आता तिकडंच जातो." जेवण झाल्यावर वहिनींना आशीर्वाद देऊन, छत्री घेऊन तो निघालाही.

उत्तमराव डोकं धरून बसला. "कोंडून ठेवू का याले खोलीत? याच्या पोटात काही राह्यनार नाई."

सिंधू दारामागून बाहेर आली. "काऊन कोंडता, बाबा? तुमीच जाऊन सांगा ना. लपवून देल्लं अन् मंग कळलं, त ऐकून घ्या लागन मले, जलमभर."

उत्तमरावाने तिच्याकडे पाहिलं आणि मला गाडी जुंपायला सांगितलं. गावाबाहेरच म्हातारा दिसला. मागे सोडण्यापेक्षा डोळ्यापुढे बरा, म्हणून त्याला गाडीत घेतलं. डोणगाव येईस्तोवर तो गाडीच्या वंगणावर बोलत होता. वेशीपाशी उतरला आणि पहिल्याच ओट्यावर बसला.

इंद्रभानजींनी आम्हाला पाणी दिलं. उत्तमरावाने पाणी न पिता सगळं सांगून टाकलं.

"माईत हाये आमाले," इंद्रभानजी म्हणाले. "तुमच्याच गावात मानूस हाये आमचा, त्यानंच सांगतलं. तुमी सोता सांगता का नाई, तेवढं पाहून राह्यलो होतो. आता सुपारी फोडा."

उत्तमरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते पुसायच्या आतच त्याने विचारलं, "मानूस कोन तुमचा?"

"ते कसं सांगता येईन? अजून दोन पोरं हायेत माह्या घरी लग्नाची."

सुपारी फुटली. परतताना उत्तमराव एकेक नाव घेत होता. गिरणीवाला निजाम? बांगड्या भरणारी ताहेराबी? अर्जुनराव त नसन? घरी आल्यावरही तो ज्याच्या त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहायचा. सिंधूच्या लग्नात डोणगावकर आहेर करत होते, तेव्हा आमच्या गावातल्या कुणाला जास्तीचा मान मिळतो का, हे पाहत तो मांडवभर फिरला. त्यांनी सगळ्यांना सारख्याच पांढऱ्या टोप्या दिल्या.