अर्जातली रखमी

"एवढंच? झोळी करून नेली, बस्स?" धनेशने मोबाइलवरून मान वर केली. "पुढं काय झालं ते सांग ना गो."

"पुढं काय नाय," काजल म्हणाली. "डांबरी रस्त्यापर्यंत नेली आमी."

शहापूरच्या एसटी स्टँडवर, मागच्या बाकड्यावर दोघं बसली होती. दोघंही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, एकाच वर्गात. मुरबाडच्या एका संस्थेला पाड्यापाड्यांवर आरोग्यसाथी हवे होते. गरोदर बायांची विचारपूस करायची, वेळेवर दवाखान्यात पाठवायचं आणि झालेलं सगळं कार्यालयाला कळवायचं. काजलचा पाडा डोळखांबच्या वर, रानात. ही नोकरी लागली तर घरी राहून काम करता येणार होतं. नाही लागली तर परीक्षा संपल्यावर भावाबरोबर वीटभट्टीवर जायचं, हे घरात ठरलेलं होतं.

अर्जात 'तुमचा एक अनुभव लिहा' असं होतं. काजलकडे अनुभव एकच होता. तिची वहिनी रखमी अडली तेव्हा पौष चालू होता आणि पाड्यातले सगळे बापये भट्टीवर गेले होते. रखमीचा नवरा, काजलचा दादा नामा, तोही तिकडेच होता. मग बायांनीच बांबूला घोंगडी बांधली. पुढच्या टोकाला काजलने खांदा दिला, आणि दगडधोंड्यांतून, करवंदीच्या जाळ्यांतून त्या खाली निघाल्या.

एवढं तिने सांगितलं. बाकीचं तिच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. घरातही कोणी काढत नसे.

धनेशने ते एआयच्या ॲपला सांगितलं. पोळी फुगावी तसा मजकूर फुगत गेला. काजलने वाचला. भाषा अशी की आपणच हे केलंय यावर विश्वास बसू नये. शेवटी लिहिलं होतं, 'आमच्या प्रसंगावधानामुळे माता व बालक दोघांचेही प्राण वाचले. त्या दिवशी मला माझ्या आयुष्याची दिशा सापडली.'

"धनेश, हे असं नाय झालं."

"मग कसं झालं?"

काजलने तोंड फलाटाकडे फिरवलं. मग म्हणाली, "पण वर्गात साईनाथ सर बोललेत ना, एआयनं लिहिलेलं नीट वाचा. भाषा सुधारून घ्या, पण जे घडलंच नाय ते दिसलं की खोडा."

"सरांना नोकरी लागलीय, त्यांना बोलायला काय जातंय? आणि तुमचे ते कीर्तनकार, ते पण दुसऱ्याचंच गातात की नाय?"

"गातात, पण कोणाचं हाय ते सांगून गातात. महिपतबुवा कधी म्हणाले का, हा अभंग मी केलाय म्हणून?"

"बरं बाई, तू बस टाळ कुटत. खोडू का मग? तूच सांग, काय लिहू त्या जागी."

त्या जागी काय लिहायचं ते काजलला ठाऊक होतं. ते न बोलता तिने पिशवी उचलली. गाडी लागली होती, लोक धावत होते.

"राहू दे," ती म्हणाली.

ओळखीच्या एकाचा नंबर द्यायचा होता, तिथे तिने नामाचा दिला. घरी येऊन त्याला एवढंच म्हणाली, "दादा, मुरबाडवरून फोन आला तर सांग, बहीण कष्टाची हाय."

"सांगीन की," नामा म्हणाला. तो नुकताच हरिपाठाहून आला होता, टाळ अजून गळ्यातच होते. "कवा येल फोन? टेपाडावर जाऊन बसतो. घरात कुठं रेंज हाय?"

मुलाखतीच्या दिवशी काजल किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला पोचली. संस्थेच्या ओसरीवर धनेश आणि वर्गातले आणखी तिघं बसले होते. त्यांच्या मुलाखती उरकल्या होत्या. धनेशने तिला बघितलं आणि चपलेकडे बघायला लागला.

आत हर्षाली मॅडम होत्या. बाळंतपणाचं काम बघता बघता केस पिकलेली, बोलायला फटकळ बाई. त्यांनी टेबलावर पाच अर्ज पत्ते मांडावेत तसे मांडले.

"बघ. पाच अर्ज, पाच झोळ्या. पाचही बाया वाचल्या, पाचही बाळं वाचली आणि पाचही जणांना त्या दिवशी आयुष्याची दिशा सापडली. तुमच्या कॉलेजात झोळीचा वर्ग भरतो काय गं?"

काजलच्या ध्यानात आलं. धनेशने तिचाच मजकूर सगळ्यांना पुरवला होता. नावं तेवढी बदलली होती.

"मॅडम, माझी खरी हाय."

"मघाशी चौघं हेच सांगून गेले."

"माझ्या वहिनीला नेलेलं. रखमीला. देवाशपथ."

हर्षाली मॅडमनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग अर्जावरचा नंबर बघितला. "हा कोणाचा? भावाचा? म्हणजे त्या बाईचा नवराच की. मग विचारूनच घेऊ."

काजल नको म्हणेपर्यंत रिंग वाजायला लागली होती. मॅडमनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"हां, कोण?" नामाचा आवाज आला. मागे वारा होता. तो खरंच टेपाडावर बसला होता.

"नमस्कार दादा, मुरबाडहून बोलते. काजलच्या नोकरीचं. तिनं लिहिलंय की तुमच्या मिसेसना झोळीतून नेलं तिनं. खरं आहे का?"

"खरं हाय. खांदा सोलला व्हता तिचा."

"छान. म्हणजे तिच्यामुळे दोघं वाचली. आता कशा आहेत वहिनी? बरी आहे ना तब्येत?"

वाऱ्याचाच आवाज येत राहिला. दादाला अर्जातला शेवट ठाऊक नव्हता. पण तो बहिणीला ओळखत होता, आणि फोनवरची बाई काय ऐकायला बसलीय ते त्याला कळलं असावं.

"बरी हाय," नामा म्हणाला. "बरी हाय रखमी. लाकडं आणायला गेलीय."

"आणि बाळ?"

"पोरगी. रांगते आता. ओटीवरनं खाली येते, लक्ष ठेवायला लागतं."

"अरे वा! नाव काय ठेवलं?"

"मुक्ता," नामा म्हणाला. जराही थांबला नाही.

हे नाव काजलने कधी ऐकलं नव्हतं. घरात कोणीच ऐकलं नव्हतं. नवरा-बायकोने कधीतरी दोघांतच ठेवलेलं ते नाव असणार. आणि आता बहिणीच्या नोकरीसाठी ते त्याने एका अनोळखी बाईच्या हातावर काढून दिलं होतं.

"मॅडम, फोन ठेवा," काजल म्हणाली.

"का गं?"

"ठेवा ना मॅडम, पाया पडते."

मॅडमनी "परत करते हं दादा" म्हणून फोन ठेवला, आणि काजलने एका दमात सांगून टाकलं. पोर वाटेतच झाली होती, रडली नाही. रखमी ओढ्यापर्यंत बोलत होती, पाणी मागत होती. दवाखान्याची गाडी रस्त्यावर उभी होती, पण झोळी खाली ठेवली तेव्हा रखमीही गेली होती. दादा भट्टीवरून आला तेव्हा माती झालेली.

"वाचली नाय कोणीच," ती म्हणाली. "ते यंत्रानं लिहिलं. मी वाचलं व्हतं. मी राहू दिलं."

हर्षाली मॅडमनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मग पाचांतला तिचा अर्ज बाजूला काढला.

"यंत्राकडून लिहून घेतलंस याचा मला राग नाही. माझी पत्रंसुद्धा मी त्याच्याकडून नीट करून घेते. वहिनी गेली असं लिहिलं असतंस तर तुला आजच घेतलं असतं. अशीच पोरगी हवीय आम्हाला. पण तुझं काम काय असणार होतं? पाड्यावर काय झालं ते कळवायचं. उद्या तू कळवशील, बाळंतीण सुखरूप. मी कसं धरू?"

"आता खरं सांगितलं ना मॅडम."

"सांगितलंस. फोन लावल्यावर." त्यांचा आवाज उतरला. "मला नाही घेता येणार, बाळा."

बाहेर धनेश उभा होता. "काजल, सगळ्यांना थोडी मदत होईल म्हणून दिलं गो मी..."

ती त्याच्या अंगावरून पुढे गेली.

पाडा चढून आली तेव्हा उन्हं कलली होती. नामा टेपाडावरच होता. फोन मांडीवर.

"मॅडम परत करतो बोलली व्हती," तो म्हणाला. "लागली काय?"

"नाय."

"का? मी बरोबर सांगितला ना सगळा?"

"मी खरं सांगितलं दादा. वहिनीचं. पोरीचं."

नामाने मांडीवरचा फोन पालथा ठेवला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तिला लाकडांना धाडली व्हती मी," तो म्हणाला. "पोरीला रांगायला लावली. बोलता बोलता दिसायला लागली गो मला. आणि तू दोघींना परत मारून आलीस."

काजल खाली बसली. तिला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं.

"त्या कागदात जिती व्हती ती?"

"हां."

"कोणी जिती केली?"

"मोबाइलनं. मी खोडलं नाय."

खालून हरिपाठाला बोलावणारी हाक आली. टाळ सुरू झाले. नामा उठला नाही.

"दुसरीकडं अर्ज कर," तो म्हणाला. "पण रखमीला त्यात घालू नको. जिती नको, नि मेलेली पण नको."

"मग मी काय लिहू दादा? माझ्याकडं दुसरं काय हाय?"

नामा उठला. फोन खिशात टाकला आणि हरिपाठाच्या उलट्या बाजूला, रानाच्या वाटेने चालायला लागला.