डोळ्यांवरची शाई

मित्रांनो, मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. वय शंभराच्या पुढं, कण्याचा दोरा सैल झालेला, आणि मनावर एक ओझं. ते आज सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण उद्या सकाळी माझी साफसफाई व्हायची आहे.

माझा जन्म लंडनच्या एका छापखान्यात झाला. मोटारी तेव्हा रस्त्यांवर नुकत्याच दिसू लागल्या होत्या. माझ्या प्रत्येक पानावर एक लाल मोटार होती. नुसतं यंत्र पोरांना कुठलं आवडायला, असं चित्रकाराला वाटलं. म्हणून त्यानं तिच्या पुढच्या दोन दिव्यांना बुबुळं काढली, पापण्या काढल्या, आणि खाली हसरं तोंड. ती बदकांना वाट द्यायची, म्हातारीला पाहून थबकायची. जो तो माझं कौतुक करायचा, आणि मीही फुगून जायचे!

नाताळात मी ससेक्समधल्या एका खेड्यात गेले, टपन यांच्या घरी. एमॉस टपन शेतावर घोडागाडी हाकायचे. त्यांची थोरली हेस्टर नऊ वर्षांची, धाकटी डल्सी पाच वर्षांची. हेस्टर विस्तवापाशी बसून मला मोठ्यानं वाचायची. डल्सी चित्रावर बोट ठेवून विचारायची, "हिला खरंच दिसतं?"

"दिसतं म्हणजे काय! एवढाले डोळे आहेत की तिला," हेस्टर ठोकून द्यायची.

त्या घरात आणखी एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. घोडा लेकराच्या अंगावर पाय देत नाही. एमॉस म्हणायचे, "घोडा आला म्हणून सैरावैरा धावायचं नाही, पोरींनो. जागच्या जागी उभं राहायचं. जनावर तुम्हाला बघतं आणि आपणहून थांबतं." डल्सी तळहातावर सफरचंद धरून उभी राहायची, आणि एवढा थोरला घोडा मुकाट्यानं थांबायचा.

सप्टेंबरात गावात पहिली मोटार आली. तीही लालच! धुळीचा लोट पाहून माणसं कुंपणाला चिकटली. डल्सी मात्र मला काखेत मारून रस्त्याच्या मधोमध गेली. तिनं हात पुढं केला. हातावर सफरचंद.

"अगं ए, बाजूला हो!" हेस्टर किंचाळली.

"थांबेल ती. तिनं बघितलंय मला."

चालकानं भोंगा वाजवला, ब्रेक दाबला, पण मोटार घसरत आलीच. मी उडून धुळीत पडले, उघड्या पानानिशी. डल्सी विव्हळत होती आणि माझी मोटार हसत होती. मित्रांनो, त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

डल्सी वाचली. डावा पाय मात्र जन्माचा अधू झाला. "उभी राहा म्हणून मीच शिकवलं," म्हणत एमॉस कपाळ बडवून घ्यायचे. हेस्टरनं मला पेटीच्या तळाशी दडपून टाकलं. तिनं मला विस्तवात घातलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

हिवाळ्यात डल्सीनंच मला मागून घेतलं. अंथरुणात बसून तिनं मोटारीच्या डोळ्यांवर बोट ठेवलं.

"हेस्टर, तिनं मला बघितलं होतं ना गं? मग थांबली का नाही? मी आवडले नाही का तिला?"

हेस्टरचा बांध फुटला. "तिला डोळेच नाहीत गं, डल्सी! नुसते दिवे आहेत ते. मी खोटं सांगितलं तुला."

"मग पुस्तकात कशाला काढलेत?"

मी मनातल्या मनात म्हटलं, तुला आवडावं म्हणून, बाळ. एवढंच कारण होतं.

हेस्टरनं शाईची दौत आणली. दोघींनी मिळून माझ्या चोवीस पानांवरचे अठ्ठेचाळीस डोळे काळे केले. डल्सी एकेका डोळ्यावर फुंकर घालून शाई वाळवत होती. मला दुखलं नाही. उलट जीव थोडा हलका झाला.

पुढं डल्सी गावच्या शाळेत लहानग्यांना शिकवू लागली. काठी टेकत वर्गात यायची, मला उघडून धरायची. "मोटार छान आहे, पण ठार आंधळी आहे. मग बघायचं कुणी?"

"आम्ही!" पोरं छप्पर उडेल असं ओरडायची.

डल्सी गेली. मी कितीतरी वर्षं शाळेच्या कपाटात धूळ खात पडले. आता एका संग्रहालयानं मला मानानं आणलंय. आज दुपारी इथल्या दोघी बायका माझ्यावर वाकल्या होत्या.

"चित्रं किती सुरेख! पण कुठल्या द्वाड कार्ट्यानं डोळ्यांना शाई फासलीय बघ."

"पुसून काढते उद्या सकाळी. पुन्हा कशी टुकूटुकू बघायला लागेल!"

मित्रांनो, पानं फाडू नका, रेघोट्या ओढू नका, अशी विनवणी सगळीच पुस्तकं करतात. मीही करते. पण माझ्यावरची ही शाई तेवढी राहू द्या. आख्ख्या जन्मात मी एकच खरी गोष्ट सांगितली, आणि ती त्या दोघी बहिणींनी माझ्यावर लिहिली. त्या बाईंना कुणीतरी आजच जाऊन सांगा हो. ते डोळे उघडले, तर मी पुन्हा खोटं बोलायला लागेन.