शुद्धीतलं चित्र

"हा मीच ना?"

ताइस्तोने ओले पोस्टर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले. बसचालकाचा निळा कोट अजून त्याच्या अंगावरच होता आणि बुटांवरचा बर्फ जमिनीवर वितळत होता. त्याची मोठी बहीण हिल्क्का कॉफी ओतत होती. पोस्टरकडे तिने एकदाच पाहिले, कारण ते चित्र तिचेच होते. पिवळट दिव्याखाली जमिनीवर एक माणूस आडवा पडलेला, तोंड अर्धवट उघडे, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. वर मोठ्या अक्षरांत हिल्क्का तोलोनेन हे नाव आणि खाली शहराच्या कलादालनाचा पत्ता.

"तूच," ती म्हणाली.

"प्रत्येक स्टॉपवर लावलंय. शाळेची पोरं चढतात तिथं. एक चिमुरडी मला विचारते, काका, हा तुमच्यासारखा दिसणारा माणूस खाली का झोपलाय?"

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, कार्ड लाव आणि जागेवर बस."

हिल्क्काला हसू आले. ताइस्तो हसला नाही.

"मला विचारलं का नाहीस गं?"

"विचारलं होतं. चित्र काढलं तेव्हाच विचारलं होतं. तू हो म्हणालास."

"तेव्हा मी शुद्धीत होतो का?"

तिने किटली खाली ठेवली. हा प्रश्न कधीतरी येणार हे तिला ठाऊक होते.

हेलसिंकीला चित्रकला शिकून हिल्क्का फिनलंडच्या उत्तरेकडच्या काजानीला, आपल्या गावी, परत आली तेव्हा ती बर्चची झाडे, तळी आणि बर्फ काढत असे. तिचे पहिले प्रदर्शन वाचनालयाच्या जिन्याशेजारी भरले. पुस्तके बदलायला आलेली माणसे आपले ओले कोट तिच्या चित्रांखालच्या खुंट्यांवर अडकवत आणि निघून जात. ओउलू शहरातल्या एका सामूहिक प्रदर्शनात तिचे चित्र स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी लागले. ते सगळ्यात जास्त लोकांनी पाहिले, असे ती स्वतःच सांगायची. शाळेत चित्रकला शिकवून तिचे पोट भरत होते. चित्रकार म्हणून तिला ओळखणारी माणसे घरातच होती, आणि तीही फार नव्हती.

मग धाकट्या भावाची बायको त्याला सोडून गेली. ताइस्तो कागद गिरणीत कामाला होता. आधी शनिवारी प्यायचा, मग रोज प्यायला लागला. गिरणीने काढून टाकले तेव्हा तो हिल्क्काकडे आला आणि तिच्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर पडून राहू लागला. डॉक्टर म्हणाले होते, त्याला कुशीवर वळवा आणि लक्ष ठेवा, उलटी घशात अडकली तर माणूस जातो. म्हणून हिल्क्का खुर्ची घेऊन शेजारी बसायची. झोप लागू नये म्हणून तिने हातात कोळशाची कांडी घेतली. त्या हिवाळ्यात तिने दुसरे काहीच काढले नाही.

त्या रेखाटनांतून मोठी तैलचित्रे झाली, आणि तीच हेलसिंकीच्या एका गॅलरीने लावली. लोक चित्रांसमोर उभे राहून रडले. पुढे स्टॉकहोम झाले, कोपनहेगन झाले. हॅम्बुर्गमध्ये एका अनोळखी बाईने हिल्क्काचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, हा माझा नवरा आहे. सर्वांत मोठे चित्र राजधानीतल्या एका संग्रहालयाने विकत घेतले. बक्षिसे आली. गावोगावी प्रदर्शने झाली, पण काजानीत ती चित्रे हिल्क्काने कधी लावली नाहीत. कुणी विचारले तर म्हणायची, इथले दालन लहान पडेल.

ताइस्तोने एके दिवशी पिणे सोडले. कुणी न सांगता आपल्या पायांनी उपचार केंद्रात गेला, परत आला, बस चालवण्याचा परवाना काढला आणि आसपासच्या गावांच्या मार्गावर रुजू झाला. हिल्क्का त्या दिवसांत सुखात होती. चित्रे मात्र जमेनात. तिने गोठलेली नदी काढली, बर्फ ओढायची फावडी काढली. समीक्षक सभ्यपणे लिहीत. भाऊ सुधारला आणि बहिणीची चित्रे बिघडली, असे एका समारंभात कुणीतरी तिच्या पाठीमागे म्हणाले. तिने ते ऐकले आणि वळून इतरांबरोबर हसलीसुद्धा.

आता चाळीस वर्षांच्या कामाचे हे मोठे प्रदर्शन तिच्याच गावात भरत होते. स्टॉकहोमच्या एका संग्रहालयातल्या बाई ते पाहायला येणार होत्या. त्यांना आवडले तर शरद ऋतूत सगळे प्रदर्शन तिकडे जायचे होते. हिल्क्काच्या वयात अशी संधी पुन्हा येत नाही.

"ती चित्रं काढून टाक," ताइस्तो म्हणाला.

"ती माझी नाहीत आता. ज्यांनी घेतली त्यांची आहेत." तिने पोस्टरची दुमडलेली कड सरळ केली. "आणि खरं सांगू? माझी असती तरी काढली नसती. तेवढीच माझी चांगली चित्रं आहेत रे. बाकी सगळं बरंवाईट."

"म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट ते तुझं सगळ्यात चांगलं."

"हो."

खोटे बोलून वेळ मारून नेणे दोघांनाही कधी जमले नव्हते. ताइस्तो उठला. कॉफी तशीच टेबलावर राहिली. पुढच्या रविवारी तो जेवायला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मग एका सकाळी हिल्क्का बसस्थानकावर गेली आणि त्याच्याच बसमध्ये चढली.

"कुठं जायचंय?" त्याने परक्यासारखे विचारले.

"तू नेशील तिथं."

ती त्याच्या मागच्या सीटवर बसली. दोन्ही बाजूंना जंगल आणि मळका बर्फ होता. एक म्हातारी चढली, एक उतरली. हिल्क्का पुढे वाकून म्हणाली, "मी सगळी चित्रं परत डोळ्यांसमोर आणून पाहिली. एकाही चित्रात तुझे डोळे नाहीत. सगळीकडे मिटलेले."

त्याने गिअर बदलला.

"माझ्यासमोर बसशील? मला तुला आत्ता काढायचंय. ते चित्र त्याच खोलीत, त्यांच्याच शेजारी लावीन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर वाईट चित्र लावीन."

पुढचे तीन स्टॉप तो रस्त्याकडे पाहत राहिला. मग आरशातून तिच्याकडे नजर टाकत म्हणाला, "सोमवारी दोनला सुटतो मी."

ताइस्तोसारखा वाईट मॉडेल हिल्क्काला आयुष्यात भेटला नव्हता. शुद्धीतला ताइस्तो एका जागी बसतच नसे. खिडकी नीट लागत नाही म्हणून उठायचा, नळ गळतोय म्हणून उठायचा. बसल्यावर बोलत राहायचा.

"अरे, तोंड बंद ठेव ना जरा."

"पूर्वी बरा होतो, नाही का? हलायचो नाही, बोलायचो नाही."

"पूर्वी तुझा वास यायचा."

तो मोठ्याने हसला आणि तिने रागाने ब्रश पुसला, कारण हसताना त्याच्या डोळ्यांत जे आले ते तिला पकडता आले नव्हते. झोपलेल्या माणसाचा चेहरा तिला पाठ होता. समोर बसलेला माणूस तिला नवा होता. कधी डोळे रागीट यायचे, कधी कुत्र्याच्या पिल्लासारखे केविलवाणे. तिने ते खरवडले, पुन्हा काढले, पुन्हा खरवडले. शेवटी प्रदर्शन तोंडावर आले आणि तिला थांबावे लागले. डोळे अजूनही तिच्या मनासारखे नव्हते. उजवा बघत होता, डावा नुसताच उघडा होता.

कलादालनाची संयोजक योन्ना चित्र पाहायला आली. ती तरुण होती, हुशार होती आणि हिल्क्काच्या कामावर तिचे मनापासून प्रेम होते. ती चित्राच्या अगदी जवळ गेली, मग दोन पावले मागे सरली.

"हिल्क्का, तुम्हाला राग येईल, पण हे जुन्या चित्रांच्या तोडीचं नाही झालेलं."

"माहितेय मला."

"स्टॉकहोमच्या बाई येतायत. त्या खोलीत शेवटचं चित्र हे असेल तर बाकीच्यांचा परिणाम जातो. आपण हे नंतर कधीतरी लावू."

"नंतर नाही. आणि पोस्टरवरही हेच पाहिजे."

"पोस्टर लागलीयत!"

"नवी छाप. खर्च माझा. जमत नसेल तर जुनी चित्रं तुमच्याकडे आहेतच, खुशाल लावा. मी उद्घाटनाला नसेन. का नाही असं कुणी विचारलं तर त्यांना जे आहे ते सांगेन."

योन्ना खिडकीपाशी गेली, परत आली. "तुम्ही स्वतःचंच नुकसान करताय."

"करू दे."

नवी पोस्टर छापून आली. हिल्क्काने ती बगलेत मारली, टाचण्यांचा डबा घेतला आणि ताइस्तोची बस पकडली. प्रत्येक थांब्यावर ती उतरायची, जुने पोस्टर फाडायची, त्या जागी नवे लावायची आणि धापा टाकत परत चढायची. ताइस्तो दार उघडे ठेवून थांबायचा. बस उशिराने धावू लागली. एका थांब्यावर ती निसरड्यावर घसरली, गुडघ्यावर पडली, उठली आणि आधी पोस्टर लावून मगच गुडघा झटकला.

"ताइस्तो, अरे माझी डॉक्टरची वेळ आहे!" एल्वी नावाची एक म्हातारी मागून ओरडली. ती याच बसने नेहमी शहरात जायची. "ही बाई करतेय काय?"

"माझी बहीण आहे. मला लावतेय."

एल्वीने काच पुसून बाहेर पाहिले. मग पोस्टर, मग ताइस्तो, असे दोनदा पाहिले.

"नाक फार मोठं काढलंय."

"नाक आहेच मोठं."

"ते खरं," एल्वी म्हणाली आणि डॉक्टरचे विसरून उरलेल्या सगळ्या थांब्यांवर हिल्क्काला सूचना करू लागली, "डावीकडे जरा, वर, अजून वर."

उद्घाटनाला ताइस्तो कोट आणि टाय घालून आला. बहिणीचे एकही प्रदर्शन त्याने आजवर पाहिले नव्हते. लोक बाजूला झाले, कारण चित्रांतला माणूस चालत आलेला सगळ्यांना कळला होता. तो एकेका चित्रासमोर थांबला. सगळ्यात मोठ्यासमोर त्याने मान तिरकी केली.

"माझ्या डोक्याखाली हे काय आहे?"

"उशी," हिल्क्का म्हणाली.

"आणि अंगावर?"

"माझी शाल. तू लाथेने उडवायचास. मी परत घालायचे."

तो मागे गेला, आधीची चित्रे पुन्हा पाहून आला. सगळीकडे ती शाल होती. इतक्या वर्षांत त्या शालीबद्दल कुणी समीक्षकाने लिहिले नव्हते आणि हिल्क्कानेही ती कधी कुणाला दाखवली नव्हती.

"मला वाटायचं मी नुसताच पडलेलो असायचो," तो हळू आवाजात म्हणाला.

शेवटी तो स्वतःच्या नव्या चित्रासमोर उभा राहिला. त्याच्या आगाराची चार-पाच माणसे मागे येऊन थांबली. त्यांतल्या एकाने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "सोमवारी सकाळी तू अस्साच दिसतोस बघ." सगळे हसले. खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टॉकहोमच्या बाई योन्नाशी हळू बोलत होत्या. नव्या चित्राकडे पाहून त्यांनी नकारार्थी मान हलवली ते हिल्क्काला दिसले.

राजधानीच्या वर्तमानपत्रात आठवड्याने परीक्षण आले. जुनी चित्रे अजोड आहेत, नव्या चित्रात मात्र तिच्यातल्या बहिणीने चित्रकाराचा हात अडवला आहे, असे त्यात लिहिले होते. त्यानंतर योन्नाचा फोन आला. स्टॉकहोमचे प्रदर्शन रद्द झाले होते. तिचा आवाज रडवेला होता.

"तू कशाला रडतेस?" हिल्क्का म्हणाली. "त्यांचं बरोबर आहे. एक डोळा मेलेलाच आहे त्यात."

फोन ठेवून ती खिडकीपाशी गेली. नदीवरचा बर्फ फुटू लागला होता. मग तिने माळ्यावरून नवा कॅनव्हास काढला, चौकटीवर ताणून खिळे ठोकले, रंग कालवले.

सोमवारी दोननंतर ताइस्तो आला. त्याच्या हातात वेलची घातलेल्या पावांची पिशवी होती. परीक्षणाबद्दल त्याने विचारले नाही. आगारात कुणीतरी वाचून दाखवले असणार. त्याने नव्या कॅनव्हासकडे पाहिले.

"परत?"

"परत. बस."

तो बसला. नळाकडे एकदा पाहिले, पण उठला नाही.

"किती दिवस चालणार हे?"

"जमेपर्यंत. इकडे बघ."

ताइस्तोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडे सरळ पाहिले. हिल्क्काने डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली.